कोकरांची हाळी

शनिवार उजाडला की मोहिनीच्या पोटात ढवळायला लागायचं. सगळे शनिवार नव्हेत, महिन्यातला पहिला आणि तिसरा. ताप नाही, अजीर्ण नाही, शिळंपाकं खाल्लेलं नाही, नुसता वार. त्या तिसऱ्या शनिवारीही ती उजाडताच बांधापलीकडं जाऊन ओकली, चूळ भरली आणि पदराच्या गाठीतला चिमूटभर ओवा गालात धरून मेंढरांच्या तळावर परत आली. तिची माय छबुबाई तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली. विचारायचं काय त्यात?

महिन्यातून दोनदा मोहिनीला आपली सहा वर्षांची पोर, संस्कृती, आपल्याच हातानं नवऱ्याच्या हातात द्यावी लागायची. नवऱ्याचं नाव अंगद. गाव दिंद्रुड, घर स्लॅबचं, दारात जीप, चुलता पुढारी, अंगात कायम पांढरे कपडे. ह्याच पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं तीन वर्षांमागं, भाकरी करपली म्हणून, बायकोचा डावा पंजा तापल्या तव्यावर दाबून धरला होता. एक, दोन, तीन असं मोजत. पोर तेव्हा उंबऱ्यात उभी होती. मोहिनीची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. त्याच हातानं ती शनिवारी पोरीची वेणी घालायची आणि पोर त्याच्याकडं पोचती करायची.

कोर्टाचा हुकूमच होता तसा. बापाला भेटीचा हक्क आहे. भेट कोर्टातल्या बालकक्षात, समुपदेशक साहेबांच्या समोर, अकरा ते एक. आई दाराबाहेर बाकावर बसेल. तव्याचं काय, असं मोहिनीनं विचारलं होतं. तर तो खटला वेगळा, त्याचं कोर्ट वेगळं, त्याची तारीख वेगळी. इथं फक्त मुलीचं हित बघायचं असतं म्हणे. हित! ज्यानं मायचा हात भाजला त्याच्या मांडीवर पोरीला दोन तास बसवायचं, ह्याला हित म्हणायला ह्यांची जीभ वळते तरी कशी!

बरं, हा हुकूमही मोहिनीच्या पाठीमागं झालेला. त्यात चूक झाली तिच्या बापाची, आश्रुबाची. धनगराचं बिऱ्हाड दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गाव सोडतं ते मिरगापर्यंत रानोरान. आज ह्याच्या शेतात मेंढरं बसवायची, चार दिवसांनी त्याच्या. गावातल्या घराला कुलूप. कोर्टाची नोटीस त्या कुलपावर आली. आश्रुबानं निघताना शेजारच्या सटवाला बजावून ठेवलं होतं, "कसलाबी कागद आला तर हातात घिऊ नगं. घेतला म्हंजी लागू झाला." न घेतलेला कागद लागू होत नाही ही आश्रुबाची पक्की समजूत, त्याच्या बापाचीही तीच होती. सटवानं इमानानं पोस्टमनला तीनदा परत धाडलं. कोर्टानं लिहून घेतलं, नोटीस घेण्यास नकार. मग अंगदच्या वकिलाला रान मोकळं. ह्या बाईला घर नाही, पत्ता नाही, पोर मेंढरांच्या लेंड्यांत लोळते, असं म्हणत त्यानं पोरीचा ताबाच मागितला. ताब्याचा निकाल लागेपर्यंत निदान भेट तरी द्या, म्हणाला, आणि ती मिळालीही. मोहिनीला कळलं तेव्हा हुकुमावरची शाई वाळून महिना झाला होता.

तेव्हापासून आश्रुबा लेकीच्या नजरेला नजर देत नव्हता. त्या दिवशीही तो मेंढरांकडं बघतच म्हणाला, "मी येऊ का संगं?"

"नगं दादा. तुमी आलात की त्याचा वकील म्हणतो, ही बाई माणसं जमवून आणती, दमदाटी करती."

"मी? दमदाटी?" आश्रुबानं हातातल्या काठीकडं बघितलं आणि ती बाजूला ठेवून दिली.

संस्कृती वाघरीत बसली होती. वाघर म्हणजे कोकरं कोंडायची जाळी. मेंढरं चरायला गेली की कोकरं बायांच्या सांभाळात, आणि सांज झाली, मेंढरं परतली, की वाघर उघडायची आणि हाळी द्यायची. प्रत्येक बाईची हाळी वेगळी. छबुबाईची जाड, घोगरी; मोहिनीची बारीक आणि लांब, "ईऽऽर्र, यी यी यीऽऽ!" दोन शेतं पलीकडं ऐकू जायची. आणि ही हाळी कोकरांपुरती नव्हती बरं का. तळ पडतो सडकेच्या कडेला, बाजूनं ट्रक, टिप्पर, ट्रॅक्टर. म्हणून तळावरच्या लेकरांना पाय फुटले की पहिली शिकवण हीच: मायची हाळी आली की हातातलं टाकायचं आणि धावत सुटायचं. घास असला तर घास, तांब्या असला तर तांब्या. का म्हणून विचारायचं नाही. संस्कृती माहेरच्या तळावर आली तेव्हा तीन वर्षांची होती, दचकायची, कोपऱ्यात बसून राहायची. हाळीला धावायला मात्र ती आठ दिवसांत शिकली.

"चल गं, वेणी घालू," मोहिनी म्हणाली.

पोरीनं मांडीवरचं कोकरू खाली ठेवलं. "आज दिंद्रुडला न्यायचं का मला?"

"न्हाई. नुसतं भेटायचं."

"मागच्या बारीला पप्पा म्हणलेते, पुढच्या बारीला नेतो."

मोहिनीच्या हातातला पेड सुटला. तिनं तो पुन्हा धरला आणि वेणी घातली, जरा जास्तच घट्ट.

वडवणीहून एसटी पकडून त्या गेल्या. कोर्ट ज्या गावात होतं त्या गावाचं नाव काढायचीही गरज नाही, उगाच तोंड कडू होतं. जिना चढताना कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, भिंतीवर 'येथे थुंकू नये' आणि त्यावरही एक पिचकारी. वरच्या मजल्यावर फिनेलचा वास, त्याच्या आत मुतारीचा वास. मोहिनीनं गालातला ओवा चावला. बालकक्षाच्या दारावर फुगे रंगवले होते, आणि त्यातल्या एका फुग्यावर कुणीतरी वकिलाचा मोबाइल नंबर लिहून ठेवला होता.

बाकावर संगीता आधीच बसलेली होती. तिची आणि मोहिनीची ओळख ह्याच बाकावरची. संगीता चाळिशीला टेकलेली, तीन वर्षं तारखा खाऊन बसलेली. कोर्टात कसं जगायचं ते मोहिनीला तिनंच शिकवलं. ओवा तिचाच. बाकीचंही तिचंच.

"रडू नगं," पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. "रडलीस की लिहित्यात, बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई. पण लई कोरडीबी राहू नगं, मंग लिहित्यात, बाईला माया न्हाई. साडी फाटकी नेसू नगं, पोर पोसायची ऐपत न्हाई म्हणत्यात. नवी नेसू नगं, कोण घिऊन देतंय म्हणत्यात. अन् त्याच्याबद्दल बोलताना 'हे' म्हण. 'त्यो' म्हणलीस की उर्मट ठरलीस."

"अन् तवा? तव्याचं सांगू का?"

"सांग. पण एकदाच. दुसऱ्यांदा सांगितलं की म्हणत्यात, बाई जुनं उगाळती."

संगीताचा मुलगा राम. दोन वर्षांमागं अशाच एका भेटीत बाप त्याला कोर्टाच्या गेटबाहेर थंड पाजायला घेऊन गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून ताबा त्याच्याकडं आणि भेटीचे शनिवार संगीताच्या वाट्याला. कोर्ट म्हणतं, लेकरू आता तिथं रुळलंय, हलवणं बरं नाही. सात वर्षांचा राम आता आईला 'बाई' म्हणतो. 'बाई, झाला का टाइम?' असं विचारतो. संगीता हे सांगताना रडत नसे. "गेट ध्यानात ठिव मोहिनी," एवढंच म्हणायची. "गेटच्या आत हाय तवर तुझी. बाहेर गेली की गेली."

बरोबर अकराला अंगद आला. कपाळावर अष्टगंध, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि अंगावर अत्तराचा एवढा मारा की फिनेलचा वास मागं सरला. त्यानं आधी समुपदेशक साहेबांचे पाय धरले. साहेब "अहो, अहो" म्हणत राहिले, पण पाय काही मागं घेतले नाहीत. मग अंगद मोहिनीपाशी आला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरी हायस ना?" आणि वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "बोटं काय म्हणत्यात?"

हसला वर. मोहिनीला त्या हसण्याची शिसारी आली. इतकी की घशाशी आलेलं तिनं ओव्यासकट गिळलं. थुंकावं तर नेमकं इथंच तिला थुंकता येत नव्हतं. अख्खं कोर्ट थुंकत होतं, पण ती थुंकली असती तर रिपोर्टात गेलं असतं.

अंगदनं पोरीला उचललं आणि गालाचा मुका घेतला. संस्कृती हात अंगाला चिकटवून ताठ झाली. खाली ठेवल्यावर तिनं फ्रॉकनं गाल पुसला.

"लाजते," समुपदेशक साहेब पेढा खात म्हणाले. मग मोहिनीकडं वळून, "ताई, थोडं मन मोठं करा. नवराबायकोचं काही असो, बाप तो बापच. बसा बाहेर." आणि त्यांच्या बोटाला लागलेला पेढा त्यांनी चाटला. ह्या माणसाच्या हातात पोरीचं भविष्य, बघा.

दार लागलं. मोहिनी बाकावर बसली. बाकावर आणखी दोघी होत्या. एक पर्समधल्या पोराच्या फोटोकडं बघत होती, दुसरी झोपेचं सोंग घेऊन. कुणी कुणाला नवऱ्यानं काय केलं ते विचारत नव्हतं. त्या बाकावर बसलेल्या बाईला ते विचारावं लागत नाही.

साडेअकराच्या सुमाराला संगीता नळावर तोंड धुवायला खाली गेली आणि दोन मिनिटांत जिना चढत आली, धापा टाकत, अर्धा चेहरा ओला.

"मोहिनी! तुझी पोर खाली जीपमधी हाय!"

मोहिनीनं दार ढकललं. खोली रिकामी. मागच्या बाजूला दुसरं दार, ते उघडं, तिथून पार्किंगकडं उतरणारा जिना. समुपदेशक साहेब खुर्चीत बसून मोबाइल बघत होते.

"पोर कुठंय साहेब?"

"आइस्क्रीम खायला नेलंय हो. इथं गेटापर्यंत. माणूस एवढा गयावया करत होता. येतील."

मोहिनी व्हरांड्यात धावली. खाली अंगदची जीप पार्किंगमधून निघून गेटाकडं वळली होती. त्याचा दोस्त लखन गाडी चालवत होता, मागच्या सीटवर अंगदच्या बाजूला तिच्या पोरीची घट्ट वेणी दिसत होती. गेटापाशी वकिलांची, झेरॉक्सवाल्यांची, मोटारसायकलींची ही गर्दी. जीप हॉर्न देत मुंगीच्या पावलानं सरकत होती. गेट बारा-पंधरा हातांवर. दोन मजले उतरून मोहिनी तिथं पोचेपर्यंत जीप दिंद्रुडच्या रस्त्याला लागली असती, आणि मग शनिवार मोहिनीच्या वाट्याला आले असते. 'बाई, झाला का टाइम?'

ती कठड्याला धरून वाकली आणि तिनं हाळी दिली.

"ईऽऽर्र, यी यी यीऽऽ!"

अख्खं कोर्ट थबकलं. टाइप करणारे थांबले. एका वकिलाच्या हातातला चहा सांडला. असला आवाज त्या आवारात कधी कुणी काढला नव्हता. रडणं ऐकलेलं, शिव्या ऐकलेल्या, ही कोकरांची हाळी कुठली ऐकायला! मोहिनीनं श्वास घेतला आणि पुन्हा दिली, लांब, बारीक, दोन शेतं पार करणारी.

जीपचं मागचं दार उघडलं. आधी आइस्क्रीमचा कोन बाहेर पडला, मग संस्कृती. चालत्या गाडीतून गुडघ्यांवर पडली, उठली आणि सुटली. मागून अंगदचा हात आला, त्याच्या मुठीत पोरीच्या वेणीची रिबीन तेवढी राहिली. ती वकिलांच्या पायांमधून, मोटारसायकलींच्या मधून, पायऱ्यांवरून धावत आली. वाटेत कुणाकडंही बघितलं नाही. मोहिनी अर्ध्या जिन्यात पोचली होती. तिथं त्या पिचकाऱ्यांच्या कोपऱ्यात पोर येऊन तिच्या पोटावर आदळली.

"टाकला मी कोन," धापा टाकत संस्कृती म्हणाली. "अर्धाबी खाल्ला नव्हता."

"शाबास गं माझी बाय," मोहिनी म्हणाली, आणि संगीतानं सांगितलेलं सगळं विसरून ढसाढसा रडली. लिहा म्हणावं काय लिहायचं ते!

आणि लिहिलं की त्यांनी. तासाभरात रिपोर्ट तयार. हातानं लिहिलेला, एका कोपऱ्याला तुपाचा डाग. जज्ज मॅडमनी दोन्हीकडच्यांना आत बोलावलं आणि रिपोर्ट मोठ्यानं वाचला. 'भेट खेळीमेळीत चालू असता मातेने न्यायालयाच्या आवारात विचित्र आवाज काढून बालिकेस घाबरवले. मातेच्या सदर कृत्यामुळे बालिका धावत सुटून तिच्या दोन्ही गुडघ्यांना इजा झाली. मातेचे वर्तन आक्रमक वाटते.'

मोहिनीला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं असणार. मग कळलं, आपलंच. गुडघे फुटले त्याला कारण माय! गाडीत कोंबणारा कुठं गेला? अंगद हात जोडून उभा होता, डोळ्यांत पाणी. हुकमी पाणी. त्या रात्री तव्यानंतरही असंच आणलं होतं, दवाखान्यात, डॉक्टरसमोर.

"का ओरडलात तुम्ही?" जज्ज मॅडमनी विचारलं.

"मी वरडले न्हाई मॅडम. पोरीला बोलवलं. आमच्यात असंच बोलवत्यात."

"मुलगी वडिलांसोबत आइस्क्रीम खायला गेली होती."

"आइस्क्रीमची गाडी गेटाच्या आत हाय मॅडम. कोन तर तिच्या हातातच होता. मंग जीप कशाला लागती?"

जज्ज मॅडमनी रिपोर्ट उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ह्यात जीप कुठं आहे?"

समुपदेशक साहेब खाकरले. "ते मॅडम... भेटीच्या विषयाला धरून नव्हतं."

"मी बघितलं," दारातून संगीता म्हणाली. "जीप गेटात गेलती. ड्रायव्हर चालू करूनच बसला होता. माझं लेकरू असंच नेलं दोन वर्षांमागं, ह्याच गेटातून, ह्याच साहेबांच्या वेळंला. तवाबी रिपोर्टात जीप नव्हती."

शिपाई तिला गप्प करायला धावला. ती गप्प झाली, पण हलली नाही. तिच्या मागं बाकावरच्या त्या दोघी येऊन उभ्या राहिल्या. फोटोवाली आणि झोपेचं सोंग घेणारी. नुसत्या उभ्या राहिल्या, तीन बाया, दार अडवून.

जज्ज मॅडमनी पेन काढलं आणि रिपोर्टात जीप घातली. एवढं झालं. तुम्हाला वाटेल, आता अंगदला आत टाकलं असेल, साहेबांना घरी बसवलं असेल. नाव काढू नका. हुकूम असा झाला: पोर सध्या आईपाशीच राहील. भेटी चालूच राहतील, पण मागचं दार बंद ठेवून. पुढची भेट पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी. आणि दोन्ही पालकांनी मुलीच्या समोर संयम राखावा.

दोन्ही पालकांनी! मोहिनीनं तो शब्द ऐकला आणि तिला पुन्हा मळमळलं. पदराची गाठ चाचपली तर ओवा संपलेला.

बाहेर पडताना अंगद बाजूनं गेला. मुठीतली रिबीन त्यानं संस्कृतीच्या हातात दिली आणि म्हणाला, "पहिल्या शनवारी येतो हां बाळा." पोरीनं रिबीन धरली नाही. ती जिन्यावर पडली, पिचकाऱ्यांत, आणि कुणी उचलली नाही.

खालच्या नळावर मोहिनीनं आधी पोरीचे गुडघे धुतले. मग पर्समधली साबणाची वडी काढली आणि तिचा गाल घासायला लागली, जिथं मुका घेतला होता तो. दर भेटीनंतर ती हे करायची.

"आई, सोलून काढतीस का मला?" संस्कृती ओरडली.

मोहिनीनं हात आवरला. संगीतानं पदराची गाठ सोडून आपल्याकडचा सगळा ओवा तिच्या तळहातावर ओतला. "पहिल्या शनवारी येतेस न्हवं?"

"न येऊन सांगती कुणाला!"

"मीबी हाय. खालच्या नळापाशीच बसते आता मी," संगीता म्हणाली, आणि रामच्या भेटीची वेळ झाली म्हणून जिना चढून गेली.

वडवणीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. संस्कृती मांडीवर बसून गुडघ्याच्या जखमेला फुंकर घालत होती. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आई, पुढच्या बारीलाबी जायचं?"

खोटं सांगावं असं मोहिनीच्या फार मनात आलं. "हां," ती म्हणाली. "जावं लागतं."

"तू बाहेरच बसणार?"

"बाहेरच."

पोरीनं विचार केला. मग आईचा डावा हात घेतला आणि ती न वाकणारी दोन बोटं आपल्या मुठीत धरली.

"मंग हाळी लवकर दे हां," ती म्हणाली. "आज लई उशीर केलास. गाडी सुरू झालती."